दोन फूट वळचण

जैनथ
ता. ८ जुलै

सौ. गयाबाई हिस,

पत्राला फार उशीर झाला, त्याचा राग मानू नको. आधीचा एक राग आहेच, त्यात हा दुसरा नको. उशिराची कारणं खूप आहेत. पेन होता तर कागद नव्हता, कागद आणला तर वर काय लिहायचं ते सुचेना. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. तू कधी इतके दिवस लांब राहिलीच नाहीस. ‘प्रिय’ लिहिलं असतं, पण पत्र वाचून दाखवणार दामिनी. नातीच्या तोंडून तो शब्द ऐकताना तू पदर तोंडाला लावशील, आणि इथं मला उचकी लागेल. म्हणून नुसतं नाव लिहिलं. दामिनी बेटा, एवढा भाग सोडून वाच. वाचला असशील तर असू दे.

फोन करून पाहिला. तारा उचलते, "थांबा बाबा, आईले देतो," म्हणते, मग तुमच्या घरातल्या मिक्सरचा आवाज येतो आणि फोन बंद पडतो. दर वेळी मिक्सरच कसा चालू असतो? म्हणून हे पत्र लक्ष्मणरावांच्या टेम्पोत, वांग्याच्या टोपल्यात ठेवून पाठवतो. ते पाटणबोरीच्या बाजाराला माल घेऊन येतात, तेव्हा तुमच्या दारावरूनच जातात.

तू चैत्रात गेलीस. ताराला बरं नाही म्हणून जाते असं तू म्हणालीस आणि मीही ते धरून चाललो. आता तारा बाजारात घासाघीस करताना दिसते, असं लक्ष्मणराव सांगतात. म्हणजे ती बरी आहे. मग तुझं येणं कशानं अडलं, ते समजत नाही.

घर झालं. रस्त्याकडची कवेलूच्या छपराची जुनी खोली पाडून स्लॅब टाकला. भिंतीला पिवळा रंग आहे. खाली फरशी आहे, पाय घसरतो, पण दिसायला चांगली आहे. पंखा लावला. भूषण रविवारी आदिलाबादहून येतो, पंख्याखाली झोपतो आणि संध्याकाळी सूनबाईचा फोन आला की जातो. बाकी दिवस मी आणि पंखा. स्वयंपाक करतो. वरण पातळ होतं. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे तूच सांगत होतीस. मी दोन्ही वेळा विचार करतो आणि एकदा घेतो. हिरवी की पांढरी, ते लिहून पाठव.

एक गोष्ट घडली. तुझ्या पंचफुलाची नात प्रगती हैदराबादेहून इंग्रजीचं मोठं शिक्षण करून आली आहे. आता कॉलेजात लागायची परीक्षा देते आहे. परवा आपल्या दारासमोर उभी राहिली आणि घराकडे बघतच राहिली. मला वाटलं रंग आवडला. तर म्हणते, "आबा, हे काय केलं जी? वळचण कुठं गेली?"

मी म्हटलं, "स्लॅबले कुठची वळचण असते व?"

"मंग आता लोकं ऑटोची वाट कुठं उभं राहून पाह्यतीन?"

"काऊन? म्या काय बसस्टँडाचा ठेका घेतला हाय?"

ती हसली नाही. लहानपणी शाळेच्या बसची वाट बघत ती आपल्याच वळचणीला उभी राहायची, हे मला नंतर आठवलं. जाताना म्हणाली, "इंग्रजीत बी वळचणीच्या जागेसाठी एक शब्द होता आबा. तो बी मेला."

मी म्हटलं, "इंग्रजाले कशाले पाह्यजे वळचण?"

"काऊन? त्यायच्या घरावर पाणी नाई पडत का?"

आपली शाळा सहावीपर्यंत. तू इथं असतीस तर तिला बसवून विचारलं असतंस, काय शब्द गं, सांग बरं. मी तिला म्हटलं, एक दिवस येऊन सांग. तुला कळवीन.

येणं कधी होतं ते कळव.

अमृतराव

*

जैनथ
ता. २१ जुलै

सौ. गयाबाई हिस,

रिकाम्या टोपल्यात दामिनीची चिठ्ठी मिळाली. गोळी पांढरी, सकाळी, चहाच्या आधी. ठीक. पण खाली जी ओळ लिहिली आहे ती मी चार वेळा वाचली. ‘आजी म्हणते, त्या दिवशी मी वळचणीलाच उभी होतो. सगळं आयकलं.’

सगळं म्हणजे किती?

मी आणि भूषण आत बोलत होतो हे खरं. तू मळ्यात गेली होतीस अशी माझी समजूत होती. घराबद्दल बोलणं चाललं होतं. कवेलू फुटले, माकडं नाचतात, दर वर्षी फेरून नीट बसवायला माणूस मिळत नाही, हे तर मी तुझ्यासमोरही बोलत होतो. त्यात तुला वाईट वाटण्यासारखं काय? भूषण म्हणाला की घरकुल मंजूर झालं आहे तर यंदाच बांधून घेऊ. मी हो म्हटलं. तुला विचारायचं होतं, पण तू दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून ताराकडे निघालीस. तोंडातून शब्द काढला नाहीस. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं गप्प आहे. बसमध्ये चढतानाही मागं पाहिलं नाहीस. मी हात वर केला होता. कंडक्टरला वाटलं मलाही यायचं आहे. त्यानं बस थांबवली आणि मग मला तेलुगूत बोलला.

तू कुठपासून ऐकलंस ते कळव. कवेलूपासून ऐकलं असशील तर काही हरकत नाही.

आता शब्दाचं सांगतो. प्रगती आली होती. मी अंगणात खुर्ची टाकली, चहा दिला. शब्द असा आहे: ईव्हज्‌ड्रिप. दामिनी, नीट वाच, दोन तुकडे करून वाच. ईव्हज् म्हणजे छपराची पुढं आलेली कड. ड्रिप मला सांगावं लागलं नाही, आपल्या वांग्याला ड्रिपच लावलं आहे, थेंब थेंब पाणी. तर छपराच्या कडेवरून पावसाचं पाणी जिथं जमिनीवर पडतं, त्या पट्टीला ते लोक ईव्हज्‌ड्रिप म्हणत. हजार वर्षांहून जुना शब्द आहे. त्या काळी तो कसा बोलत ते तिनं बोलून दाखवलं, तेव्हा मला वाटलं पोरीच्या घशात बिस्कीट अडकलं.

आणि ऐक, त्याला कायदा होता. कँटरबरी नावाचं तिकडे एक गाव आहे. तिथला जमिनीचा एक जुना दस्त सापडला, त्यात लिहिलं आहे की गावाच्या रिवाजाप्रमाणे वळचणीच्या पाण्यासाठी दोन फूट जागा सोडावी. म्हणजे घर बांधायचं ते हद्दीला चिकटवून बांधायचं नाही. आपल्या छपराचं पाणी आपल्याच जमिनीवर पडलं पाहिजे, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही. मला हे फार पटलं. मी म्हटलं, "म्हणजे ते बी आपल्यासारखेच हद्दीवरून भांडत होते?"

प्रगती म्हणाली, "भांडत नसते तं लिहून काऊन ठेवलं असतं?"

दोन फूट म्हणजे किती होतात, मी फरशीवर टेप लावून पाहिलं. फार थोडे होतात. आपल्या वळचणीत तर खाट मावत होती. तुझी भाजी निवडायची जागा, कोंबड्यांचं खुराडं, सोयाबीनची पोती, ऑटोवाल्यांचा घोळका, सगळं होतं. इंग्रजांच्या राजालाही एवढी नसेल. आणि मी ती स्लॅबाच्या खोलीत घेतली, कारण नागनाथ मिस्त्री म्हणाला, "काका, जागा हाय तं वाया काऊन घालवता?" मला त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं.

किती ऐकलंस ते कळव. झोप लागत नाही.

अमृतराव

*

जैनथ
ता. ५ ऑगस्ट

गयाबाई,

या वेळी टोपलं रिकामं आलं. चिठ्ठी नाही. लक्ष्मणरावांना विचारलं, "वयनी काही बोलल्या?" ते म्हणाले, "टोपलं घेतलं, टोपलं देल्लं. मी काय तुमचा टपालवाला हाय का जी?" मग त्यांना दया आली असावी, म्हणाले, "तब्येत बरी दिसली." एवढंच. जाडी झालीस की बारीक झालीस, तेही त्यांना सांगता येत नाही.

मलाही राग येतो. तुला वाटतं फक्त तुलाच येतो. माझं म्हणणं असं की, नवरा आणि मुलगा आत काही बोलत असतील तर बाहेर उभं राहून ऐकायचं कशाला? आत यायचं. तोंडावर बोलायचं. चार महिने पोरीच्या घरी जाऊन बसायचं नाही. आणि याला पुरावा आहे, इंग्रजीचा. प्रगतीनं त्या शब्दाचं पुढचं सांगितलं. त्या दोन फुटांत रात्री-बेरात्री येऊन लोक उभे राहू लागले, भिंतीला कान लावून आतलं बोलणं ऐकू लागले. त्यांना ईव्हज्‌ड्रॉपर म्हणू लागले. त्यांना पकडून दंड करत. होता होता मूळचा शब्द लोक विसरले. पाणी गेलं, दोन फूट जागा गेली, राहिलं फक्त चोरून ऐकणं. आज इंग्रजीत तेवढंच जिवंत आहे.

मी लगेच म्हटलं, "बराबर हाय! तुझ्या गया आजीनं तेच केलं."

प्रगतीनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "चोरून? सोताच्या वळचणीत उभं राहून?"

"मंग आत काऊन नाई आली?"

"ते तुमी तिले विचारा. मले एक सांगा आबा, आमच्या आजीले तुमी कदी विचारलं का, आत काऊन नाई येत म्हणून?"

मी माझा चहा ढवळत राहिलो. मग तीच म्हणाली, "तुमच्यासाठी वळचण म्हणजे सावली. आमच्या आजीसाठी ती हद्द होती. तितपर्यंत या, त्याच्यापुढं नाई. मी हैदराबादले वर्गात हा शब्द शिकलो ना, दोन फूट सोडाचे म्हणून, तं मले पहिले तुमचं घर दिसलं."

मला हे आवडलं नाही. आपण पंचफुलाला कधी वाकडं बोललो नाही. तिच्या पोरांच्या लग्नाला आहेर केला. माझी माय होती तोवर तिच्या धाकानं ओंजळीत वरून पाणी, हे चालत होतं, ते आपल्या हातात नव्हतं. पण माय जाऊनही खूप वर्षं झाली. त्यानंतरही पंचफुला वळचणीच्या पुढं आली नाही, हे खरं. कोणी अडवलं नाही आणि कोणी बोलावलंही नाही. मला वाटायचं, तिला तिथंच बरं वाटतं. वारा लागतो.

प्रगती रागावून गेली असावी. आता शब्दाचं आणखी काही असेल तर कोण सांगणार? एक तू बोलत नाहीस, दुसरी ही.

पत्र फाडणार होतो, पण वर तारीख टाकली आहे म्हणून पाठवतो. रागाचा भाग दामिनीनं हळू वाचावा.

अमृतराव

*

जैनथ
ता. १९ ऑगस्ट

सौ. गयाबाई हिस,

मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नको. या पत्रातलं घे.

चार दिवस पाऊस धरून होता. पैनगंगा फुगली, नाल्यावरून पाणी गेलं, ऑटो बंद. लक्ष्मणरावांचा टेम्पोही उभा आहे, त्यामुळे हे पत्र कधी पोचेल देव जाणे. वांगी झाडावरच मोठी होत चालली आहेत.

गुरुवारी दुपारी मी दारात बसलो होतो. रस्त्यावरून प्रगती येताना दिसली. आदिलाबादला परीक्षेचा अर्ज भरायला निघाली होती, नाल्यावरून परत फिरली. आपल्या घराजवळ आली आणि पावसानं असा जोर धरला की समोरचं दिसेना. ती सवयीनं आपल्या भिंतीला येऊन टेकली. वर पाहिलं. वर स्लॅब सरळ कापलेला, बोटभरही पुढं नाही. पाणी थेट डोक्यावर. फाइल छातीशी धरून ती तशीच उभी.

गया, वळचण असती तर ती तिथं उभी राहिली असती, मी दारात बसून राहिलो असतो, "लय पानी हाय व," म्हटलं असतं, ती "हो ना आबा," म्हणाली असती, आणि पाऊस थांबल्यावर गेली असती. इतकी वर्षं असंच झालं. पण आता मधली जागाच नव्हती. एक तर पाऊस, नाही तर घर.

मी म्हटलं, "आत ये."

ती म्हणाली, "राहू द्या आबा, जातो मी."

"कुठं जाशीन? उभी राहाले जागा तरी ठेवली का म्या?"

ती आली. पायपुसण्यावर उभी राहिली. फरशीवर पाणी ठिबकत होतं. ते पाहून तीच म्हणाली, "घ्या, ईव्हज्‌ड्रिप आत आला." मग आम्ही दोघंही हसलो. खुर्ची अंगणात भिजत होती. मी म्हटलं, बस. कुठं बस, ते मलाही माहीत नव्हतं. ती तुझ्या पलंगावर बसली. अगदी कडेला बसली. मी चहा केला, तुझ्या स्टीलच्या ग्लासात दिला. साखर जास्त झाली होती. तिनं सांगितलं नाही, मी प्यालो तेव्हा कळलं.

पाऊस थांबेना. तिनंच विषय काढला. म्हणाली, "आबा, वळचणीतल्या कोनाड्यात दोन कप होते, त्यायचं काय केलं?"

मी म्हटलं, मलब्यात गेले असतील. पंचफुलाचेच होते ना ते?

ती म्हणाली, "एक आजीचा. दुसरा गया आजीचा."

मला ते माहीत नव्हतं. या घरात जन्मलो, त्या वळचणीखालून रोज वाकून ये-जा केली, आणि मी समजत होतो दोन्ही कप पंचफुलाचे. प्रगती म्हणाली, "गया आजी घरातला कप बाहेर आणत नव्हती. मले आजीनं सांगतलं होतं. सासूच्या राज्यात बाई मले आत नेऊ शकली नाई, आजी म्हणे, म्हणून ते सोताच बाहेर आली. बाहेरचा कप घेतला, बाहेर बसली. मंग सासू गेली तरी आत गेलीच नाई."

मी विचारलं, "मंग सासू गेल्यावर तिनं पंचफुलाले आत काऊन नाई नेलं?"

प्रगती म्हणाली, "आजीनं तिले हेच इचारलं होतं एकदा. तं गया आजी म्हणे, मालक सांगतीन तवा. मी सांगून काय होते?"

गया, तू मला कधी म्हणाली नाहीस. की म्हणालीस आणि मी ऐकलं नाही? मी आठवून पाहतो आहे. दुपारचा चहा तू मला आत देऊन बाहेर जायचीस. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा. बाहेरून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मी ओरडायचो, "काय खिदळून राह्यल्या व?" तुम्ही अजून हसायच्या. पंचफुला माघात गेली. त्यानंतर तू एकटीच तिथं जाऊन बसायचीस, निवडून झालेली भाजी परत निवडायचीस. मी ते पाहत होतो.

आता ते लिहितो, जे इतक्या कागदांत लिहिलं नाही. भूषण म्हणाला होता, "आई नाई म्हणन. वळचण नाई पाडू देणार ते." त्यावर मी म्हणालो, "तिची पंचफुला गेली आता. कोणासाठी ठेवाची वळचण?" भूषण हसला. मीही हसलो.

तू सगळं ऐकलंस म्हणतेस, म्हणजे हसणंही ऐकलंस.

हे मी का बोललो? पंचफुला गेल्यापासून तू रात्री जेवत नव्हतीस, माझ्याकडे पाहत नव्हतीस, त्या खाटेकडे पाहायचीस. मला ती खाट डोळ्यांसमोर नको झाली. मला वाटलं, जागा गेली की तुझं तिथं बसणं जाईल आणि तू आत येशील, पंख्याखाली, माझ्याजवळ. मी तुझ्यासाठी पंखा घेतला होता. पण जागा गेली आणि तूच गेलीस. असा हिशोब मी केला नव्हता.

दामिनी, हे पत्र वाचून झालं की आजीजवळ बस. लगेच फोनवर जाऊ नको.

अमृतराव

*

जैनथ
ता. ३० ऑगस्ट

प्रिय गयाबाई,

लिहिलं. वाचू दे दामिनीला.

नाला उतरला. लक्ष्मणराव काल पाटणबोरीहून परत आले. टेम्पो पुरता थांबायच्या आधीच मी विचारलं. ते म्हणाले, "वयनीनं निरोप देल्ला."

मी म्हटलं, "काय?"

"म्हणाल्या, वांगे जून पाठवले. बिया कडक लागतात. सांगा त्यायले, येळेवर तोडत जा म्हणावं."

लक्ष्मणरावांना वाटलं मी रागावीन. मी त्यांना आत बोलावून चहा पाजला. तेही घाबरले, म्हणाले, "काय झालं जी तुमाले?" गया, चैत्रापासून तुझ्या तोंडचं हे पहिलं बोलणं माझ्या कानावर आलं. वांगी जूनच होती. नाल्यामुळे अडकली. आजपासून कोवळी असतानाच तोडतो आहे, सकाळीच तोडली. या टोपल्यातली बघ.

आता मुख्य काम. मी नागनाथ मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, समोर टिनाची उतरती छपरी काढून दे, खाली लोखंडी खांब, पहिल्यासारखी वळचण होईल. तो मापं घ्यायला लागला. तेवढ्यात प्रगती आली. ती आता येते, त्या पावसाच्या गुरुवारपासून दोनदा आली. तिला म्हटलं, "पाह्य, वळचण करून राह्यलो. दोन फूट नाई, चांगली सहा फूट."

ती म्हणाली, "बांधाची तं बांधा आबा. लोकं उभे राह्यतीन, चांगलंच हाय. पण मी आता तिथं नाई बसणार."

आणि आत जाऊन पलंगावर बसली, पुस्तक उघडून.

मी नागनाथकडे पाहिलं. नागनाथ टेप धरून माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "काका, किती काढू ते सांगा." माझं तोंड उघडलं होतं, आकडा जिभेवर आला होता. मग मी म्हटलं, "थांब. घरात इचाराचं हाय."

तो म्हणाला, "घरात कोण हाय आता?"

मी म्हटलं, "पाटणबोरीले हाय."

तो हसला. हसू दे. टेप गुंडाळून गेला. त्याच्या हातात दुसरं काम आहे, ते उरकून येतो म्हणाला, फार थांबणार नाही.

म्हणून तुला विचारतो. मला खरंच समजत नाही. वळचण बांधली तर ऑटोवाले उभे राहतील, म्हाताऱ्या बसतील, तुझी खाट मावेल. पण परत पाऊस आला आणि कोणी दाराशी आलं, तर मी पुन्हा बसल्या जागेवरून "लय पानी हाय व" म्हणून मोकळा होईन, हे मला ठाऊक आहे. माझा स्वभाव तुला माहीत आहे. आणि नाही बांधली, तर पावसात जो येईल त्याला आत घ्यावं लागेल, कोणीही असो. तेही मला जमेल असं वाटतं, पण एकट्याला जमेल का, सांगता येत नाही. चहात साखर जास्त होते.

तू त्या जागेत जेवढी बसलीस तेवढं कोणीच बसलं नाही. तेव्हा तूच सांग. काढू की नको? काढायची तर किती? तू म्हणशील तेवढी, एक बोट कमी नाही, जास्त नाही. येणार असशील तर कशी हवी ते सांग. आणि येणार नसशील, तरी कशी हवी ते सांग. मी तशीच करीन.

लक्ष्मणराव उद्या बाजाराला येत आहेत आणि संध्याकाळी परतणार आहेत. मी रस्त्यावरच उभा राहीन. चिठ्ठी नको, दामिनीला त्रास नको, तोंडी सांग. वांग्याचं सांगितलंस तसंच सांग, रागानं सांगितलंस तरी चालेल. पण निरोप धाड. लवकर धाड.

तुझा
अमृतराव